ढगांचा माग काढणाऱ्या सुलोचनाबाई

२५ मे २०२५ हा दिवस आमच्या पेडणे महालातील लोक सहजी विसरणार नाहीत. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी रोहिणी नक्षत्र लागले आणि हवामान खात्याने मोसमी पाऊस गोव्यात पोहोचल्याचे जाहीर केले, तेही त्याच दिवशी. केरळात तो आदल्या दिवशीच, म्हणजे २४ मे रोजी उतरला होता. नेहमीची तारीख १ जून. मोपाच्या घराघरांत पुरुमेंताची तयारी अर्धवट पडली होती. सोले अंगणात वाळत होती, मिरच्या उन्हात पसरलेल्या होत्या, लाकडे खोपीत यायची होती. सगळ्यांची एकच धांदल उडाली.

त्या धांदलीत मला वडिलांची आठवण झाली. ते फारसे शिकलेले नव्हते. पण कालनिर्णयच्या चौकटीत पावसाची पहिली तारीख, तरवा टाकल्याची तारीख आणि लावणीची तारीख ते नेमाने पेन्सिलीने लिहून ठेवत. मृग कधी लागला यापेक्षा मृगात पाऊस कधी लागला, याचा हिशेब त्यांना महत्त्वाचा वाटे. आमच्याकडे ढगांना कुपां म्हणतात. आषाढात पाऊस दडी मारून बसला की ते ओसरीवरून सड्याकडे पाहत म्हणायचे, "कुपां आयलीं, पूण पावस खंय?" ढग आले, पण पाऊस कुठे आहे?

या साध्या प्रश्नासाठी एका मराठी बाईने आपले सारे आयुष्य वेचले. डॉ. सुलोचना गाडगीळ त्यांचे नाव. २०२५ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात त्या निवर्तल्या. माझ्या हातून वर्गात घडलेल्या एका चुकीची त्यांच्या कार्याशी गाठ पडली आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

मी एम.ए. झालो तो इतिहासात. पण खेड्यातल्या शाळेत इतिहासाच्या मास्तराच्या गळ्यात भूगोल आपोआप पडतो. हायस्कुलात पुस्तक इंग्रजी. समजावून सांगणे मात्र मराठी-कोंकणीत. १९९८ च्या सुमारास नववीच्या वर्गात मी मोसमी वाऱ्यांचा धडा घेत होतो. फळ्यावर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जमीन आणि मध्ये बाण. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून ओलसर वारे धावत येतात आणि पाऊस पडतो. रोज दुपारी किनाऱ्यावर जो खारा वारा येतो, त्याचेच हे प्रचंड मोठे रूप. मी शिकलो ते असेच आणि शिकवत आलो तेही असेच.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरची शेती, हजेरी बेताची. म्हणाला, "सर, जमीन जास्त तापते ती मे महिन्यात. मग जोराचा पाऊस जुलैत का? जुलैत तर जमीन गार असते. आणि ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी तर जास्तच उकडते."

वर्ग हसला. मला उत्तर सुचेना. ते सुचत नाही असे सांगण्याचे धैर्यही मला झाले नाही. "परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिही," असे म्हणून मी त्याला खाली बसवले.

पुढे दहा-बारा वर्षांनी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात 'लीलावतीज डॉटर्स' हे भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचे इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आले. त्यात सुलोचनाबाईंचा लेख होता. तो वाचून मी त्यांचे इतर लेखनही मिळवून वाचले, आणि मला कळून चुकले की त्या मुलाने जो प्रश्न विचारला होता, तो शास्त्राच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न होता.

इतिहासाच्या माणसाने मुळापर्यंत जावे, म्हणून थोडे मागे जातो. मोसमी पाऊस म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकाचा परिणाम, ही कल्पना एडमंड हॅले याची. धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेला तोच हा हॅले. १६८६ साली त्याने व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा आणि त्यांची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. कल्पना सुटसुटीत होती. पाठ्यपुस्तकांत शिरली ती तिथेच राहिली.

हिंदुस्थानात हवामान खाते स्थापन झाले १८७५ साली. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्या दशकातल्या भीषण दुष्काळाने सरकारला पावसाच्या अंदाजाची निकड पटली होती. हिमालयात बर्फ जास्त पडले तर पुढचा पाऊस कमी, असा आडाखा बांधून ब्लॅनफर्डने अंदाज वर्तवायला सुरुवात केली. त्यानंतर आलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. दूर प्रशांत महासागरातील हवेच्या दाबाचा हेलकावा आणि आपला पाऊस यांचा धागा त्यांनी शोधला. त्याच खात्यात सिमल्याला जॉर्ज सिम्पसन नावाचे एक शास्त्रज्ञ होते. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवरही ते गेले होते. १९२१ साली त्यांनी हॅलेच्या कल्पनेवर नेमके बोट ठेवले. हिंदुस्थानची जमीन मे महिन्यात जुलैपेक्षा जास्त तापलेली असते. पाऊस कमी असतो त्या वर्षी ती अधिक तापते. आणि देशाचा जो वायव्य भाग सर्वांत जास्त तापतो, तिथेच पाऊस सर्वांत कमी. मग तापलेली जमीन पाऊस ओढून आणते असे कसे म्हणावे?

माझ्या मागच्या बाकावरचा मुलगा हेच विचारत होता. सिम्पसनचे नावही त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने फक्त आपले अंगण पाहिले होते.

आता सुलोचनाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म पुण्याचा, ७ जून १९४४ चा. मृगाच्या तोंडावर जन्मलेल्या मुलीने पावसाचाच अभ्यास करावा, हा एक योगायोग. माहेरचे आडनाव फाटक. घराणे डॉक्टरांचे. काही काळ ऋषी व्हॅलीच्या शाळेत आणि नंतर फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे माधव गाडगीळ यांच्याबरोबर त्या अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेल्या. सह्याद्रीच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीच्या अहवालामुळे सिंधुदुर्ग-गोव्यात ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, तेच हे माधवराव. त्यांनी जीवसृष्टीचा अभ्यास घेतला. सुलोचनाबाईंनी उपयोजित गणित घेऊन अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम हा सागरी प्रवाह नागमोडी का वाहतो, यावर १९७० साली डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर जूल चार्नी या नामवंत हवामानशास्त्रज्ञाजवळ त्यांनी काही काळ काम केले.

१९७१ साली दोघेही परत आले. तिकडे राहण्याची संधी असताना परत येणे त्या काळीही सोपे नव्हते. परत आल्यावर सुलोचनाबाईंनी विषय बदलला. अटलांटिकचा प्रवाह सोडून त्यांनी आपल्या घरचा पाऊस हाती घेतला. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत त्यांनी दोन वर्षे काढली. तिथे त्यांना डी. आर. सिक्का भेटले. सिक्कांना मोसमी पावसाचे नकाशे तळहातासारखे पाठ. बाईंकडे गणित होते, सिक्कांकडे अनुभव. आपल्याकडे विद्वान माणसे सहसा एकमेकांचे शिष्यत्व पत्करत नाहीत. या दोघांनी एकमेकांकडून शिकून घेतले. १९७३ साली गाडगीळ दांपत्य बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे १९८२ साली वातावरणशास्त्राचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, त्याच्या उभारणीत बाईंचा वाटा मोठा होता.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम ढगांवरचे. तोपर्यंत उपग्रह पृथ्वीची रोजची छायाचित्रे पाठवू लागले होते. सिक्का आणि सुलोचनाबाई यांनी १९७३ ते १९७७ या पाच वर्षांची एप्रिल ते ऑक्टोबरची रोजची चित्रे घेतली. आपल्या रेखांशांवर, म्हणजे अरबी समुद्राच्या पूर्व भागापासून बंगालच्या उपसागरापर्यंत, ढगांचा सर्वांत दाट पट्टा रोज कोणत्या अक्षांशावर आहे, याची त्यांनी नोंद केली. काम चिकाटीचे, वडिलांच्या कालनिर्णयवरील नोंदींसारखेच. फरक एवढाच की वडील एका शेतापुरते पाहत होते आणि ही दोघे विषुववृत्तापासून हिमालयापर्यंत.

या नोंदींतून जे दिसले ते असे. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या आसपास दोन्हीकडचे वारे एकत्र येतात. तिथे हवा वर चढते आणि उंचच उंच ढगांचा पट्टा तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला ढगांचा पट्टा म्हणू. सूर्य उत्तरेला सरकला की हा पट्टाही सरकतो. इतर महासागरांवर तो थोडासाच हलतो. आपल्याकडे मात्र तो समुद्र ओलांडून थेट भारताच्या भूमीवर येऊन बसतो. आपला मोसमी पाऊस म्हणजे हाच पट्टा. चार्नी आणि इतर काहींनी असे सुचवले होते. ढगांच्या रोजच्या चित्रांवरून त्याला भक्कम आधार मिळाला तो सिक्का आणि गाडगीळ यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अधिक मोलाची. हा पट्टा एकदा येऊन चार महिने ठाण मांडून बसत नाही. जमिनीवरचा पट्टा काही दिवसांनी विरतो. मग दक्षिणेकडे विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर नवा पट्टा उभा राहतो आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे घडत राहते. कधी कधी तर एकाच वेळी दोन पट्टे असतात, एक जमिनीवर आणि एक समुद्रावर, जणू पाऊस कुणी न्यायचा याची दोघांत चढाओढ. आपण ज्याला उघडीप म्हणतो आणि जी लांबली की तरवा पिवळा पडतो, तिचे मूळ या ये-जा करण्यात आहे. वडिलांना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. किनाऱ्यावर विखुरलेली कुपां दिसत असतात, पण मोठा पट्टा त्या वेळी दूर दक्षिणेला समुद्रावर असतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. जमीन तापली म्हणून ढग येत नाहीत. ढगांचा पट्टा आला की जमीन निवते आणि तो आला नाही की तापत राहते. पाठ्यपुस्तकाने कारण आणि परिणाम यांची थोडी उलटापालट केली होती. जमिनीच्या तापण्याला काहीच अर्थ नाही असे मात्र नव्हे. पट्टा उत्तरेला ओढला जाण्यात तिचाही हात असतो. पण पाऊस कमी-जास्त का होतो, हे त्या तापण्याने उलगडत नाही. पुढे २०१८ साली बाईंनी याच प्रश्नावर पुन्हा विस्ताराने लिहिले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही हॅलेचा जुना समज पुस्तकांतून जात नाही, याची त्यांना तितकीच चिड होती असे त्या लेखावरून वाटते.

१९८४ साली पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की समुद्राच्या पाण्याचे तापमान साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर असल्याशिवाय असे मोठे ढग सहसा उभे राहत नाहीत. त्याहून थंड पाण्यावर ढगांची वाढ खुंटते. मात्र पाणी तेवढे तापले म्हणजे ढग येतीलच असेही नाही. आज समुद्र तापत चालल्याची चर्चा आपण रोज वाचतो. तिच्यात उथळपणा टाळायचा असेल तर हे दुसरे वाक्य विसरून चालणार नाही.

यानंतर आली १९९७ आणि २००२ ही दोन वर्षे. पेरूच्या किनाऱ्याकडचा प्रशांत महासागर तापतो, त्याला एल निनो म्हणतात. तो आला की आपल्याकडे पाऊस कमी, असा अनुभव. १९९७ साली शतकातला एक अतिशय प्रबळ एल निनो आला. सगळे धास्तावले, आणि देशाचा पाऊस सरासरीइतका, किंबहुना किंचित जास्तच झाला. २००२ साली एल निनो त्या मानाने दुबळा होता. हवामान खात्याचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा होता. प्रत्यक्षात देशात ८१ टक्के पडला आणि जुलैत तर नेहमीच्या जेमतेम निम्मा. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात आलेले सोळा घटकांचे अंदाजाचे सूत्र अनेक वर्षे उपयोगी पडले होते; त्या वर्षी ते चुकले. त्या जुलैत आमच्या मरड शेतात वडील दिवसभर उभे राहत आणि संध्याकाळी न बोलता जेवत, ते मला अजून दिसते.

असे का झाले? सुलोचनाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच हिंदी महासागराकडे लक्ष वेधले. विषुववृत्तावर या महासागराची दोन टोके आहेत, एक आफ्रिकेकडचे आणि एक सुमात्राकडचे. ढगांचा तराजू कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. आफ्रिकेकडच्या बाजूला ढग जास्त असले तर आपल्या पावसाला ते अनुकूल. सुमात्राकडे जास्त असले तर प्रतिकूल. १९९७ साली हा तराजू आपल्या बाजूने होता, म्हणून एल निनोचा फटका बसला नाही. २००२ साली दोन्ही गोष्टी विरुद्ध गेल्या. २००३-०४ च्या सुमारास ही मांडणी प्रसिद्ध झाली. त्या हेलकाव्याला त्यांनी 'इक्विनू' असे आटोपशीर नाव दिले.

समुद्रावरचे ढग समुद्रावर जाऊनच पाहायला हवेत, असा त्यांचा आग्रह असे. भारतीय हवामान संशोधन कार्यक्रमाच्या आखणीत त्या पुढे होत्या. त्यातून १९९९ साली बंगालच्या उपसागरात आणि २००२-०३ मध्ये अरबी समुद्रात मोहिमा निघाल्या. 'सागर कन्या' या संशोधन नौकेचा त्यांत वापर झाला. या नौकेची व्यवस्था वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय संस्थेकडे आली, हे गोव्याच्या वाचकांना ठाऊक असेलच. अरबी समुद्राच्या मोहिमेचा विषय होता आपल्या किनाऱ्यावरचा मुसळधार पाऊस. मोपाच्या सड्यावरून जे ढग पुढे सरकतात, तेच आंबोलीच्या घाटाला अडून तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततात. घाट उतरून बेळगावच्या पूर्वेला गेले की तोच पाऊस किती रोडावतो, हे सीमाभागातल्या मंडळींना मी सांगायला नको.

एवढे करून ही बाई नुसत्या नकाशांत रमली असती तरी मोठीच ठरली असती. पण त्यांनी शेतकऱ्याला गुरू केले. कर्नाटकातील पावगड आणि आंध्रातील अनंतपूर हा भुईमुगाचा कोरडवाहू मुलूख. तिथले शेतकरी आणि शास्त्रज्ञ अशी दुहेरी भूमिका असलेले पी. आर. शेषगिरी राव यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. काय तपासायचे हे शेतकऱ्यांशी बोलून ठरवले. पहिल्या सरीला पेरणीची घाई न करता जुलैच्या मध्यापर्यंत थांबले तर पीक बुडण्याचा धोका कमी होतो, असे त्यातून निघाले. पुढे २००६ साली, गणितज्ञ असलेले चिरंजीव सिद्धार्थ यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी आणखी एक भ्रम दूर केला. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा घटला, म्हणून दुष्काळाची झळ कमी झाली असे शहाणे लोक म्हणत. आकडे सांगत होते की मोठ्या दुष्काळाचा फटका सुरुवातीपासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के एवढाच राहिला आहे. शिवाय चांगल्या पावसाने जेवढे मिळते, त्याहून जास्त वाईट पावसाने जाते. शेतकऱ्याच्या घरी हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

२०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या सड्यावरून विमाने उडतात. आमच्या लहानपणी जिथे गुरे चरत, तिथे आता ढगांची उंची आणि वाऱ्याची दिशा क्षणोक्षणी पाहिली जाते. तो मागच्या बाकावरचा मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. विमानतळावर टॅक्सी चालवतो. गेल्या मे महिन्यात त्या अवेळी पावसात त्याच्याच गाडीतून मी घरी आलो. वाटेत त्याला म्हटले, "नववीत तू एक प्रश्न विचारला होतास. तुझे बरोबर होते, माझे चुकले." त्याला प्रश्न आठवत नव्हता. मी सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, त्या वेळी सांगितले असते तर मी भूगोल सोडला नसता."

त्यावर मला काही बोलता आले नाही.

आता नववीला मोसमी पावसाचा धडा मीच घेतो, मुख्याध्यापक झालो तरी. फळ्यावर पुस्तकातले बाण काढतो, कारण परीक्षा आहे. मग ते पुसून ढगांचा पट्टा काढतो आणि पुण्याच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. शाळेच्या आवारात आम्ही पर्जन्यमापक बसवला आहे. मुले रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहितात. वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरी माळ्यावर जुन्या दिनदर्शिका, हिशेबाच्या वह्या असतील. त्यांत वाडवडिलांनी पावसाच्या तारखा लिहून ठेवल्या असतील. रद्दीत घालण्याआधी एकदा त्या उघडून पाहाव्यात. आणि घरातल्या लेकराने पावसाबद्दल काही विचारले, उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणून सांगावे. त्याला खाली बसवू नये.